जिथं झाडलंय तिथं वाट

ये गं सुप्रिया, अशी जवळ बस. त्या खुर्चीवर नको, ती पाहुण्यांची. इथे दारातल्या चटईवर, ऊन पडलंय तिथे. खरं तर तू आलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण आलीस असं धरूनच मी लिहायला बसलेय, कारण तुझी वाट बघत बसले तर माझे डोळे जातील. घाटकोपर ते मुलुंड म्हणजे काय सात समुद्र आहेत गं? मध्ये मोजून चार स्टेशनं. तेवढ्याला दोन वर्षं लागतात?

आणि परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, मुंबईत कसली आलीय थंडी!" वर हसलीस. बाराव्या मजल्यावर खिडक्या लावून, पंखा फिरवत बसणाऱ्याला कुठून दिसणार थंडी? ती डोंगरावरून उतरते आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी येऊन बसते. तिला लिफ्ट लागत नाही आणि ती बारा मजले चढतही नाही, माझ्यासारखीच.

थंडी मला आधी नाकाने कळते. पावसाळ्यात डोंगराकडून वास येतो तो ओला, हिरवट, थोडा शेवाळाचा. दिवाळी सरली की एके दिवशी पहाटे गॅलरीत उभी राहते आणि वास बदललेला असतो. वाळलेल्या गवताचा, भाजल्यासारखा, जरा गोड. गावाला पेंढ्याच्या उडवीला टेकून बसलं की यायचा तसा. रविवार असला तर त्यात खालच्या मजल्यावरच्या गुजराती वहिनींच्या उंधियूतला ओवा मिसळतो. असा वास आला की मी पलंगाखालचे बूट काढते. हो, साडीवर बूट. हस, हस. पहिल्या वर्षी बिल्डिंगमधली पोरंही हसली होती. आता कोणी हसत नाही, आता विचारतात, "काकू, आज काय दिसलं?"

तुला वाटतं मावशी मॉर्निंग वॉकला जाते. मी कामाला जाते बाई. आमच्या डोंगरावर लोकांनी चालायची एक वाट आहे, पायथ्याच्या फाटकापासून वरच्या कातळापर्यंत. जंगल खात्याने आम्हा आठ-दहा जणांना गळ्यात घालायची ओळखपत्रं दिली आहेत. पगार नाही, पण ओळखपत्र आहे. माझं गावाला देवासमोर ठेवून आले होते एकदा. पावसाळ्यात ती वाट बंद असते, आणि चार महिन्यांत पाऊस तिची काय दशा करतो ते बघायला पाहिजे तू. गवत डोक्याच्या वर. घाणेरीची झुडपं दोन्हीकडून एकमेकींच्या गळ्यात पडलेली. बसवलेल्या पायऱ्यांचे दगड घसरून खाली, आणि मधोमध पाण्याने कोरलेली घळ, पाय मुरगळायला अगदी तयार. मग आम्ही थंडीभर तिला माणसांत आणतो. कोयत्याने घाणेरी छाटायची, घळीत दगड-माती भरायची, गवत कापून कडेला जाळरेषा काढायची. जाळरेषा म्हणजे गवताच्या मधली मोकळी पट्टी, कोणी विडी टाकली तर आग तिथे येऊन अडते. आणि रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी जोडीने वर जाऊन गस्त घालायची. हातात काठी, गळ्यात शिट्टी, खांद्याला पिशवी. पिशवीत वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, केसांचे रबर, एकदा तर अख्खा कंबरपट्टा.

मागच्या आठवड्यात दोन कॉलेजच्या मुली वाट सोडून गवतात उभ्या राहून व्हिडिओ काढत होत्या. हातात रंगीत धूर सोडणारी ती नळकांडी असतात ना, तसलं काहीतरी, आणि काडीपेटी. मी शिट्टी मारली.

"आंटी, चिल," एक म्हणाली.

"मी चिलच आहे गं. गवत चिल नाहीये. पेटलं की तुझा मेकअप उतरायला वेळ मिळायचा नाही."

दुसरी हसली. "सॉरी हां आंटी. तुम्ही फॉरेस्टच्या का?"

"मी मुलुंडची," मी म्हटलं. नळकांडं पिशवीत टाकलं आणि दोघींना तिळाचा एकेक लाडू दिला. जाताना माझाच व्हिडिओ काढून गेल्या मेल्या.

हे सगळं मला शिकवलं दोघांनी. एक लाडकी. दुसरे नाना.

लाडकी वरच्या पाड्यावरची. वारली बाई, माझ्याहून लहान, पण तिचं वय तिलाच माहीत नाही, त्यामुळे आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. खात्याच्या रोजंदारीवर तीच एक आहे, बाकी आम्ही हौशे. पहिल्या दिवशी माझ्या हातात खराटा देऊन तिने मला एकच गोष्ट सांगितली. "शैलाबाय, जिथं झाडलंय तिथं वाट. जिथं पाचोळा तिथं जनावर. बस. एवढं ध्यानात ठेव."

आमच्या वाटेला पाट्या फार नाहीत. पाट्या माकडं उखडतात आणि माणसं त्यांवर नावं लिहितात. म्हणून लाडकीची ही रीत. चालायची वाट खराट्याने साफ ठेवायची. बाजूला जनावरांच्या पायवाटा फुटतात, पाण्याकडे जाणाऱ्या, त्यांच्यावरचं एक पान हलवायचं नाही. उलट एखादं काटेरी फांदोरं आडवं टाकायचं. नवखा माणूससुद्धा न सांगता झाडलेल्या वाटेने जातो. शिवाय पाचोळा वाजतो. कोणी चार पायांचं आलं तर आधी पाचोळा सांगतो.

आणि नाना. आमच्या समोरच्या ब्लॉकमधले, सुमनचे यजमान. जन्मभर कंपनीत नकाशे काढले त्यांनी. माणूस कमी बोलायचा, पण पेन्सिल कानावर असायची कायम. आमचे हे वारल्यावर मी घरात नुसती बसून होते तेव्हा नानाच दारात आले होते. "बाई, नुसत्या बसू नका. आम्हाला झाडायला माणूस हवंय." माझी शाळा चौथीपर्यंत. गस्तीची वही असते आमची, तिच्यात रोज काय दिसलं ते लिहायचं, आणि माझ्या पाळीला मी वही दुसऱ्याकडे सरकवायचे. नानांच्या ते लक्षात आलं. त्यांनी कातळावर बसवून मला लिहायला लावलं. "बाई, पूर्ण वाक्य लिहा. कोण, कुठे, काय. दिसलं ते लिहा. मनात आलं ते घरी जाऊन लिहा." माझं पहिलं वाक्य होतं, 'ऐनाच्या झाडाशी दोन भारद्वाज बसले होते.' नानांनी खाली बरोबरची खूण केली. आज मी तुला हे एवढं लांबलचक लिहितेय ना, ते त्या खुणेवर.

मग नानांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शब्द, मग दुपारची संध्याकाळ. सुमन कोणाला बोलली नाही, पण मजला एकच, कळतंच. एकदा ते माझ्या दाराची बेल वाजवून म्हणाले, "सुमन, दार उघड." मी उघडलं. चहा दिला. मग त्यांना समोर सोडून आले.

पण डोंगरावर गंमत व्हायची. घरात बाथरूमचं दार न सापडणारा हा माणूस वाटेवर पाय ठेवला की सरळ चालायचा. काठी टेकत, मान खाली, झाडलेल्या मातीवर नजर, आणि कातळापर्यंत जाऊन त्याच पावलांनी परत. एक तास. तो एक तास सुमन दार लावून आडवी पडायची, दिवसातली तिची तेवढीच झोप. आम्ही कोणी काही ठरवलं नव्हतं, पण नाना वाटेवर असले की आमच्यातला एखादा पन्नास पावलं मागे असायचाच, पानं उचलल्यासारखं करत. लाडकी म्हणायची, "डोस्क्यातली वाट पुसली गेली, पायातली हाय."

त्या थंडीची गोष्ट सांगायची आहे मला. दोन वर्षं झाली. तू त्याच महिन्यात येऊन गेलीस आणि मी तुला काही बोलले नाही. तुला भाकरी वाढली, ठेचा वाढला, तोंडाला कुलूप लावून बसले.

तिसऱ्या वळणावर ऐनाचं मोठं झाड आहे, मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं. तिथे फाटा आहे. उजवी वाट आपली, कातळाकडे जाणारी. डावी जनावरांची, नाल्याकडे उतरणारी. त्या डाव्या वाटेवर तीसेक पावलांवर शेंदूर लावलेला दगड आहे, पाड्यावरच्या लोकांचा वाघोबा. लाडकीची माणसं त्याला मानतात, वर्षातून एकदा नारळ देतात, आणि पाचोळ्यातूनच जातात-येतात. मी एकदा लाडकीला म्हटलंही होतं, "अगं, देवासमोर किती कचरा!"

ती म्हणाली, "त्याचंच घर हाय ते. त्यानंच पाडलेली पानं. तू कशाला तरास घेते?"

पण सुप्रिया, तू कोकणातल्या बाईची नात आहेस, तुला कळेल. आपल्याकडे देवदिवाळीला काय असतं? अंगण चोपून सारवलेलं, तुळशीपुढे रांगोळी, वाट राखणाऱ्या देवचारालासुद्धा त्याचा मान पोचवायचा. माझी आई उंबऱ्याबाहेर केर दिसला की ओरडायची, "गो, देवासमोर केर? घराक लाज आणलंस!" त्या वर्षी देवदिवाळीला माझी गस्त होती. जोडीदारीण आजारी, म्हणून मी एकटीच. धुकं होतं, दव इतकं की साडीचा काठ जड झालेला. वाट झाडत झाडत फाट्याशी आले आणि डावीकडे बघितलं. शेंदराचा दगड, आणि गुडघाभर पाचोळा. आई कानात ओरडली.

मी वळले. काटेरी फांदोरं उचलून बाजूला ठेवलं. तीस पावलं झाडली, दगडासमोर पाण्याचा सडा घातला, तांदळाच्या पिठाची चार बोटं ओढली. इतकं छान दिसायला लागलं म्हणून सांगू! आणि मग हात लागला की थांबतो का आपला? पुढेही झाडलं. नाल्याच्या कडेपर्यंत. ओली माती, तिच्यावर खराट्याच्या रेघा, अगदी विंचरल्यासारखी वाट. वर बघून स्वतःशीच म्हटलं, देवा, आता तुझ्या दारात यायला लाज वाटणार नाही. आणि उजवीकडची उरलेली वाट उद्या झाडू म्हणून खाली उतरले, कारण हात भरून आले होते. फांदोरं? ते बाजूला ठेवलं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी जोडीदारीण आजारीच, म्हणून मी गस्तीला अजून निघालेच नव्हते, आणि सकाळी आठला नाना फाटकातून आत गेले. त्या दिवशी त्यांच्या मागे जे निघाले ते फाटकाशी कोणाला तरी रस्ता सांगत पाच मिनिटं थांबले. फाट्याशी पोचले तेव्हा नाना दिसले नाहीत. पुढे गेले असतील म्हणून ते उजवीकडे कातळापर्यंत गेले. कातळावर कोणी नाही.

तीन तास. मी ते तीन तास तुला सांगू शकत नाही. शिट्ट्यांवर शिट्ट्या. आमच्या डोंगराच्या वनरक्षक मॅडम धावत आल्या. सुमन फाटकाशी उभी, पायात दोन वेगळ्या चपला. ठाण्याहून तिचा मुलगा मिलिंद आला, ऑफिसच्या कपड्यांतच. "आई, तू सोडलंसच कसं एकट्याला?" एवढंच म्हणत राहिला.

लाडकीला सापडले. नाल्याच्या कडेला, सपाट दगडावर बसले होते. बूट काढून जोडीने बाजूला ठेवलेले, देवळाबाहेर ठेवतात तसे. ओरखडा नाही अंगावर. लाडकीने विचारलं, "नाना, हितं कशापायी बसला?"

नाना म्हणाले, "वाट संपली."

आम्ही सगळे तिथे पोचलो तेव्हाही तेच म्हणाले. "वाट संपली, म्हणून थांबलो." मिलिंदने डोळे पुसले. कोणीतरी पुटपुटलं, बिचारे, काहीतरीच बोलतात आता. सुमन त्यांच्या पायांत बूट घालत होती. आणि मी त्या दगडापासून चार पावलांवर उभी होते. माझ्या पायांखाली माझ्या खराट्याची शेवटची रेघ होती. तिच्यापुढे पाचोळा.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं ना? नाही बोलले. त्या दिवशी वहीची पाळी माझीच. मी लिहिलं, 'नाना वाट चुकले. नाल्याशी सापडले. सुखरूप.' तीन वाक्यं, पूर्ण. कोण, कुठे, काय. अक्षरही बरं आलं होतं.

मिलिंदने दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. त्याला वाईट म्हणू नकोस तू. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काकू, एवढे दिवस आम्ही धरून होतो की डोंगर तरी त्यांना आठवतो. तेही गेलं. उद्या काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?"

त्यानंतर रोज सकाळी मी खराटा घेऊन खाली उतरायचे आणि वर बघायचे. नाना खिडकीत. गजांना धरून उभे. पायांत बूट. सुमन सांगायची, सकाळी उठले की आधी बूट मागतात, घालून दारापर्यंत जातात, कडी वाजवतात, मग खिडकीशी येतात. दोन-दोन तास. दुपारी चिडतात, संध्याकाळी रडतात. सुमनची झोप गेली. मी मात्र रोज खालून तिला हात करत होते. तीही करायची.

का गप्प बसले विचारशील. ओळखपत्र काढून घेतील म्हणून. एवढंच कारण आहे, मोठं काही नाही. माझ्या वयाच्या बाईला जगात कोणी काही काम सांगत नाही गं. सगळे म्हणतात, तुम्ही बसा. मला बसायचं नव्हतं. आणि मला बसायचं नव्हतं म्हणून नानांना बसवलं, हे मला कळत होतं, रोज, पायरीपायरीवर. थंडी त्या वर्षी कडक होती. पांगारा फुलायला वेळ होता, धोबी पक्षी आले होते, कातळावर शेपट्या हलवत फिरायचे. मी काही धड बघितलं नाही.

आठव्या दिवशी लाडकी माझ्यासोबत गस्तीला होती. फाट्याशी आलो. डाव्या वाटेवर आता वाऱ्याने थोडी पानं पडली होती. लाडकी काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "शैलाबाय, तुझा खराटा डावीकडं ओढतो."

"म्हणजे?"

"तुझ्या रेघा डावीकडं वाकत्यात. माझ्या सरळ. बाकीच्या दादांच्या तुटक. मी जनावराचा माग काढती, तुझा काढणार नाय व्हय? त्या दिवशीच बघितल्या मी नाल्यापाशी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तोंड तुझ्याकडं हाय." आणि पुढे चालायला लागली. चार पावलांवर मागे न बघता म्हणाली, "आन देवासमोरचं पीठ मुंग्यांनी खाल्लं. त्यांची दिवाळी झाली बघ."

दुसऱ्या दिवशी रविवार. गस्त संपवली आणि वही काखेत मारून सुमनकडे गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. नाना तिच्या समोर बसून सोललेले दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत घालत होते, पायांत बूट. मिलिंद आलेला होता, पेपर वाचत होता.

"शैलाताई, या ना, बसा."

"बस म्हणू नकोस. बसले तर मी सांगणार नाही."

उभ्यानेच सांगितलं. देवदिवाळी, फांदोरं, खराटा, नाल्याच्या कडेपर्यंत. सुमनचे हात थांबले. शेंग अर्धी उघडलेली तशीच.

"किती दिवस झाले, शैला?" तिने विचारलं. ताई गळून पडलं, माझ्या लक्षात आलं.

"नऊ."

"नऊ दिवस मी ह्यांना हाताला धरून घरातल्या घरात फिरवतेय. पोरगा माझ्यावर ओरडला, मी ऐकून घेतलं. मला वाटलं माझीच चूक. आणि तू रोज खालून मला हात करत होतीस?"

मिलिंदने पेपर खाली ठेवला. सुमन उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. मला वाटलं आता निघावं. तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा ओला होता, पण आवाज वेगळाच.

"थांब. ते काय म्हणाले होते तिथे? वाट संपली?"

"हो."

"मग?"

"खरंच संपली होती, सुमन. मी तिथेच झाडायची थांबले होते."

"म्हणजे ह्यांना कळलं? झाडलेलं कुठे संपलं ते कळलं? आणि पुढे नाही गेले?"

"एक पाऊल पुढे नाही गेले."

"मिलिंद," ती म्हणाली, "ऐकलंस का रे? ते बरोबर थांबले."

मिलिंद बापाकडे बघत राहिला. नाना दाणे मोजत असावेत, ओठ हलत होते. मी वही उघडली, त्यांच्या समोरच मागच्या पानावरचं 'नाना वाट चुकले' हे वाक्य खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'नाना चुकले नाहीत. फाट्यावर डावीकडची वाट मी झाडली होती. शैला.' अक्षर वाकडं आलं. मॅडमना मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, पंधरा दिवस खराट्याला हात लावायचा नाही. पंधरा दिवस तुम्ही फक्त लाडकीच्या मागे चालायचं आणि बघायचं." मला ते बरंच वाटलं. चौथीपर्यंतच्या शाळेत कधी झाली नाही ती शिक्षा आता झाली.

मिलिंद सोमवारी रजा टाकून आला. "मला दाखवा," म्हणाला. मग आम्ही चौघं, तो, सुमन, लाडकी आणि मी, गोणपाटात सागाचा पाचोळा भरभरून फाट्याशी नेला. तुला सांगते, जन्मात मला इतकं जड काम झालं नाही. गोण उपडी करायची आणि झाडलेल्या मातीवर पानं पसरायची. माझे हात आपोआप गोळा करायला जायचे.

"जल्मभर केर काढला, आता जरा घाल की!" लाडकी हसून हसून खाली बसली. सुमनलाही हसू आलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली असं मी म्हणणार नाही, ती लाडकीकडे बघून हसली. पण मी शेजारीच होते. डावी वाट झाकली. फांदोरं आडवं टाकलं. उजवी वाट लाडकीने कातळापर्यंत झाडली, सरळ रेघांनी.

मग मंगळवारी सकाळी नानांना आणलं. मिलिंदची अट होती, कोणी काही सांगायचं नाही, हात धरायचा नाही. तो वीस पावलं मागे. त्याच्या मागे आम्ही बायका. धुकं उतरत होतं, गवतावरून वाफ निघाल्यासारखी. नाना चालायला लागले, आणि खरं सांगते, खिडकीतला म्हातारा फाटकाशीच राहिला. पाठ सरळ झाली. पहिलं वळण. दुसरं. ऐनाचं झाड.

नाना थांबले.

डावीकडे बघितलं. किती वेळ बघितलं! पाचोळ्यापलीकडे शेंदराचा ठिपका दिसत होता. सुमनने माझा दंड धरला होता, इतका घट्ट की चार बोटं उमटली. माझ्या मनात आलं, अकरा दिवसांपूर्वी ह्याच वाटेने त्यांना नेलं होतं, पायांनी तेच लक्षात ठेवलं असेल तर? मिलिंद पुढे व्हायला लागला, लाडकीने काठी आडवी धरली.

नानांनी काठी काखेत घेतली, डावीकडे हात जोडले, आणि उजवीकडे वळले. पाच-सहा पावलं गेल्यावर पायाने एक दगड हलवून बघितला आणि मागे वळून मला म्हणाले, "बाई, ही पायरी सुटलीय. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. मिलिंद त्या सुटलेल्या पायरीवर बसून राहिला थोडा वेळ, चपला घातलेल्या पायांकडे बघत. त्याच आठवड्यात त्याने बाहेरची कडी काढली. चार भोकं राहिली आहेत दारावर, अजून बुजवली नाहीत.

यंदाही गवत वाळलं. नाना आता कातळापर्यंत जात नाहीत, फाट्यापर्यंत जातात आणि परत. सुमन बरोबर असते बहुतेकदा. मला ते नावाने ओळखत नाहीत आणि वहीचंही त्यांना आठवत नाही. एखाद्या दिवशी सुमनलाच विचारतात, "तुम्ही कुठल्या?" ती म्हणते, "दादरची." ते म्हणतात, "अरे वा, आमची सुमनही दादरची." पण माती झाडलेली असली की पाय चालतात. म्हणून नाना निघायच्या आधी रोज कोणीतरी वर जाऊन आलेलं असतं. फाट्यापर्यंत झाडायचं, आणि डावीकडे वाऱ्याने मोकळी झालेली जागा पाचोळ्याने झाकायची. पावसाळा सोडला तर दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. पाळ्या लावल्या आहेत आम्ही. मिलिंद शनिवार घेतो. सुमन आणि मी पुन्हा एकमेकींकडे डबा पाठवतो. ताई मात्र ती परत लावत नाही, आणि मलाही आता शैलाच बरं वाटतं.

अडचण एवढीच, लाडकीला खात्याने पलीकडच्या उतारावर जाळरेषेच्या कामाला नेलं आहे होळीपर्यंत, आणि माझा उजवा गुडघा आठवड्यातून चारच दिवस माझं ऐकतो. रविवार रिकामा आहे. मागच्या रविवारी मी बसत-उठत झाडत गेले, नाना खाली फाटकाशी बूट घालून उभे राहिले होते, सुमन त्यांना आकाशातले पोपट दाखवत होती. पाऊण तास. मला धाप लागली म्हणून नाही सांगत, पण पाऊण तास त्यांना उभं ठेवलं ना आम्ही.

तर ये. शनिवारी संध्याकाळीच ये, घावणे करते, चटणी करते, लवकर झोपू. खराटा धरायला मी शिकवीन, रेघा कशाही वाकल्या तरी चालतील, फक्त कुठे थांबायचं ते फाट्याशी उभी राहून दाखवीन. नाना तुला कुठली विचारतील, सांग घाटकोपरची. आणि "बघू", "पाहू", "पुढच्या महिन्यात", असलं काही फोनवर म्हणू नकोस. ते अजून फाट्यापर्यंत जातात गं. ह्या रविवारी ये.